वरच्या अंगाला लेआउट पडला, पाणी आमच्या ओट्यावर

सप्रेम नमस्कार. आमची कॉलनी गावाच्या कडेला, वीसेक वर्षांपूर्वीची. तिच्या वरच्या अंगाला पाच एकर कपाशीचं वावर होतं. यंदा उन्हाळ्यात तिथे लेआउट पडला. मुरमाचे उंच रस्ते झाले, प्लॉटचे दगड रोवले, कमानही उभी राहिली. वावराच्या मधून एक लवण जायचं, वरच्या शिवारातलं पाणी त्यातून वाहायचं. ते बुजवून एक फुटी पाइप टाकलाय. जूनच्या शेवटी तासभर पाऊस झाला आणि आमच्या सात-आठ घरांच्या ओट्यावर पाणी आलं, दोन घरांत आत शिरलं. खालच्या अंगाला आप्पांची केळी आहे, तिथेही पाणी तुंबलं. नगरपालिकेत गेलो तर म्हणाले, "लेआउट मंजूर आहे, पाऊसच जास्त झाला." तलाठी सांगतात, त्या दिवशी मंडळात ३८ मिलिमीटरची नोंद आहे. त्यात माझ्या दिरांनी त्याच लेआउटमध्ये प्लॉटला बयाना देऊन ठेवलाय, म्हणून घरातही बोलायची सोय नाही. गल्लीतली पोरं म्हणतात, रात्रीतून बांध घालून पाणी अडवू. काय करावं?
एक भगिनी, जळगाव जिल्हा

ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पावसाळा अजून बाकी आहे. बांध घालू नका आणि पोरांनाही घालू देऊ नका. वरच्या जमिनीवरचं पाणी उताराने खालच्या जमिनीवर येतं, ते खालच्याने येऊ द्यायचं असतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हे उदाहरण देऊनच सांगितलं आहे. तुम्ही बांध घातलात की तक्रार करणारे तुम्ही राहत नाही, तुमच्यावर तक्रार होते. मात्र तो हक्क आपसूक वाहत येणाऱ्या पाण्यापुरता आहे. लवण बुजवायचं, रस्ते चढवायचे, सगळ्या शिवाराचं पाणी एका तोंडाशी गोळा करून तुमच्या गल्लीत सोडायचं, हे त्यात बसत नाही. तुमची बाजू नेमकी इथे भक्कम आहे.

आता "लेआउट मंजूर आहे" या वाक्याकडे येऊ. मी नगररचना खात्यात रचना सहायक म्हणून नोकरी केली. हे वाक्य टेबलापलीकडून किती सोयीचं असतं ते मला ठाऊक आहे. पण मंजुरी दोन टप्प्यांत मिळते, हे टेबलाजवळचा माणूस सहसा सांगत नाही. आधी तात्पुरतं रेखांकन मंजूर होतं. त्या आधारावर भूमी अभिलेखचे मोजणीदार जागेवर येऊन रस्ते, प्लॉट आणि मोकळी जागा आखून देतात. मग मालकाने रस्ते, गटारी, विजेचे खांब अशी कामं अटींप्रमाणे करायची आणि त्यानंतर अंतिम रेखांकन मंजूर व्हायचं. तुमचा लेआउट यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे पहिल्यांदा शोधा. उन्हाळ्यात दगड रोवले आणि पावसाळ्यात गटारी अजून दिसत नाहीत, म्हणजे बहुधा अंतिम मंजुरी बाकी असावी. तसं असेल तर तुमच्या हातात बरंच काही आहे. अंतिम शिक्का पडला की हेच काम दसपट कठीण होतं.

शोधायचं कसं? मंजूर नकाशावर क्रमांक, तारीख आणि शिक्का असतो. लेआउटवर फलक असेल तर त्याचा फोटो काढा. पाच एकरांच्या प्लॉटिंगला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, कारण एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जाहिरात आणि बुकिंगच्या आधी नोंदणी करणं बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधलं की मंजुरीचे कागद बहुधा तिथेच सापडतात. नाही सापडले तर नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्याहून जलद मार्ग म्हणजे थेट फाइल पाहायला जायचं. जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला आहे. एकट्या जाऊ नका. सोबत चष्मा लावणारा आणि न भांडणारा एक माणूस घेऊन जा.

फाइलमध्ये काय असतं तेही सांगतो, म्हणजे काय नाही ते तुम्हाला दिसेल. मालकाचा अर्ज वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत जातो. सोबत सातबारा, मोजणी नकाशा आणि प्लॉट पाडलेला नकाशा. नगरपालिकेच्या हद्दीत मुख्याधिकारी परवानगी देतात आणि तांत्रिक तपासणीला प्रकरण सहायक संचालक, नगररचना यांच्याकडे जातं. जमीन हद्दीबाहेर असेल तर अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. नियमावली एकीकृत, डिसेंबर २०२० पासून लागू झालेली, राज्याच्या बहुतेक भागाला एकच. तपासणाऱ्याची नजर कशावर फिरते? विकास आराखड्यातलं आरक्षण आहे का, आराखड्यातला रस्ता (डीपी रोड) जागेतून जातो का, आतले रस्ते पुरेसे रुंद आहेत का, शेजारच्या लेआउटच्या रस्त्याला जोडले आहेत का, एक एकराच्या वरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडली आहे का, प्लॉटचं क्षेत्र जुळतं का. हे सगळं मापात मोजता येतं, म्हणून ते नीट तपासलं जातं.

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मात्र कागदावर बहुतेक वेळा नसतंच. लेआउटचा नकाशा गटाच्या चतुःसीमेवर संपतो. वरच्या शिवारातून येणारं लवण चतुःसीमेच्या बाहेर सुरू होतं आणि बाहेरच संपतं, त्यामुळे आरेखकाला ते दाखवायची गरज वाटत नाही. दाखवलंच तर एक निळी रेघ आणि "नाला" एवढा शब्द. नदीकाठाला तरी पूररेषा असते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तेव्हा अख्ख्या खान्देशाने पूररेषा हा शब्द ऐकला. तुमच्या लवणाला मात्र कुणी रेषा मारत नाही. वर्षातले दहा-बारा दिवस ते वाहतं, बाकीचे दिवस त्यात बोरी-बाभळी आणि शेळ्या.

आणखी एक गोष्ट मनाला लागते, ती शेजाऱ्याला कुणी विचारत नाही ही. अमेरिकेतल्या पुष्कळ लहान गावांत नियोजन मंडळ असतं. प्लॉट पाडायचा अर्ज आला की लगतच्या जमीनमालकांना पत्र जातं, जाहीर सुनावणी होते, आणि घरं झाल्यानंतर पावसाचा लोंढा आधीपेक्षा मोठा होणार नाही असा हिशेब अभियंत्याला तिथे मांडावा लागतो. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात त्या विकास आराखड्यावर, एकेका लेआउटवर नाही. आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकतीची मुदत तुमच्या कॉलनीत कुणाला कळलीही नसेल. परवानगी नाकारली तर अपील करायची सोय कायद्यात आहे, तीही अर्जदाराला. म्हणून "आम्हाला का विचारलं नाही" या मुद्द्यावर शक्ती घालवू नका. विचारायची तरतूद नसली तरी आपण लेखी सांगायला कुणी अडवलेलं नाही. आलेलं पत्र फाइलला लागलं की अंतिम मंजुरीवर सही करणाऱ्याला ते वाचावं लागतं. पुढे प्रकरण चिघळलं तर "माहीत नव्हतं" असं त्याला म्हणता येत नाही.

आता त्या एक फुटी पाइपकडे. एवढा हिशेब तुम्हाला पाठ हवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाच एकर म्हणजे सुमारे वीस हजार चौरस मीटर. ३८ मिलिमीटर पडला म्हणजे त्या एका वावरावर साडेसात लाख लिटरांहून जास्त पाणी पडलं. नांगरटीच्या वावरातून यातला साधारण तिसरा हिस्सा वाहून जातो, बाकीचा मुरतो किंवा सरीत थांबतो. तिथे डांबरी रस्ते, स्लॅब आणि फरशी आली की दोन तृतीयांश वाहून जातो, आणि रेंगाळत नाही, एकदम येतो. अभियंते यासाठी एक सोपं सूत्र वापरतात. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पर्जन्यजल निचऱ्याच्या नियमपुस्तिकेतही ते आहे. त्याने मोजलं तर ३८ मिलिमीटर पाऊस तासात पडल्यावर घरांनी भरलेल्या पाच एकरांतून सेकंदाला सुमारे १४० लिटर पाणी निघेल. एक फुटी सिमेंट पाइप दोनशेला एक उतारावर, आत गाळ नसताना, सेकंदाला सत्तर लिटरांच्या आसपास वाहून नेतो.

म्हणजे लेआउटचं स्वतःचं पाणीच त्यात मावणार नाही. पण खरी गोम पुढे आहे. आज तिथे घरं नाहीत, नुसते रस्ते आहेत. तरी तुमच्या ओट्यावर पाणी आलं, कारण ते मुख्यतः वरच्या शिवाराचं होतं. त्या लवणाला वरची किती जमीन मिळते ते पाहा. समजा चाळीस एकर मिळत असेल. सगळी नांगरलेली शेतं धरली तरी त्याच पावसात सेकंदाला पाचशे लिटरांच्या घरात पाणी येऊ शकतं. पाइप सत्तरचा. दोन फुटी टाकला तरी सव्वाचारशे-साडेचारशेपर्यंत जाईल. हा ढोबळ अंदाज आहे, तज्ज्ञ मोजतील तेव्हा आकडे हलतील, पण अर्धे जरी केले तरी एक फुटी पाइप पुरत नाही. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. वरच्या शिवाराच्या पाण्याची वाट बंद झाली, हे आजचं दुखणं. घरं झाल्यावर लेआउटचं स्वतःचं वाढीव पाणी येईल, हे उद्याचं. दोन्ही एकत्र केलं की समोरचा एकाचं उत्तर देऊन दुसरं बाजूला ठेवतो.

"पाऊसच जास्त झाला" याचं उत्तर तुमच्या तलाठ्यांनीच दिलंय. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर शासन त्याला अतिवृष्टी धरतं. तुमच्याकडे ३८ झाला. असा पाऊस आपल्याकडे दर वर्षी एक-दोनदा होतोच. मंडळाच्या त्या दिवसाच्या पावसाच्या नोंदीची प्रत तहसीलमधून घ्या आणि पत्राला जोडा. त्यापुढे निसर्गाकडे बोट दाखवणं अवघड जातं.

दुसरा कागद जुना गावनकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात उपअधीक्षकांकडे अर्ज करून त्याची नक्कल मिळते. नाले, ओघळी, गाडरस्ते, सगळं त्यावर हाताने काढलेलं असतं. त्या गटातून लवण जाताना दिसलं तर तुमचं अर्धं काम झालं. सोबत त्या गटाचा प्लॉट पडण्यापूर्वीचा सातबारा काढा आणि पोटखराब क्षेत्र पाहा. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ब मध्ये रस्ता, ओढा, नाला, सार्वजनिक उपयोगाची जागा येते. तिथे ब वर्गात दोन-चार गुंठे नोंदलेले असतील तर नाला होता हे महसूल दप्तरानेच मान्य केलेलं आहे. तो नाला लेआउटच्या नकाशावर नसेल, तर ती माहिती दडवली असा सरळ अर्थ निघतो. चुकीची माहिती देऊन मिळवलेली परवानगी रद्द करता येते, आणि १९६६ च्या कायद्याच्या कलम ५१ खाली दिलेल्या परवानगीत बदलही करता येतो. नकाशावर आणि उताऱ्यावर काहीच सापडलं नाही तर मात्र बाजू थोडी लंगडी होते. मग जुने फोटो, उपग्रहाची चित्रं, आप्पांसारख्या शेजाऱ्यांचे जबाब यांवर उभं राहावं लागेल. मोबाइलवरच्या नकाशांत मागच्या वर्षांची उपग्रह चित्रं पाहता येतात, त्यांत लवणाची हिरवी-काळपट रेघ बहुधा दिसते.

पत्र मुख्याधिकाऱ्यांना लिहा. प्रत सहायक संचालक, नगररचना आणि तहसीलदारांना. एका पानाच्या वर जाऊ नका. "आमच्यावर घोर अन्याय" वगैरे नको, ती पत्रं वरच्या वर मिटतात. गट क्रमांक, लवणाची जागा, कोणत्या तारखेला किती वाजता पाणी कुठवर आलं, किती पाऊस, पाइप केवढा, नवा रस्ता तुमच्या रस्त्यापेक्षा किती उंच, एवढंच. उंची मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरे. पुढच्या पावसात घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ उठेल, तिथे पट्टी धरून फोटो काढा.

मागण्याही मोजक्या ठेवा. अंतिम मंजुरीपूर्वी तुमच्या उपस्थितीत संयुक्त स्थळपाहणी व्हावी. लवण नकाशावर दाखवावं. ते वळवायचं किंवा बंदिस्त करायचं असेल तर त्याची रेषा आणि रुंदी-खोली मालकाने मनाने न ठरवता प्राधिकरणाने ठरवावी, आणि ती वरच्या सगळ्या पाणलोटाच्या हिशेबाने. शेवटचं तोंड कुठे सुटतं ते लिहून द्यावं. ही चौथी मागणी कधीच सोडू नका. लेआउटच्या आत सुंदर गटारी बांधून त्या शेजाऱ्याच्या कुंपणाशी संपवलेल्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता हसू येतं. पांझरेकाठच्या जुन्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामूहिक सिंचन होणाऱ्या शेतांत, पाणी घ्यायच्या पाटाइतकीच काळजी जादा पाणी परत नदीत सोडणाऱ्या सांडव्याची घेत. आपल्या लेआउटांना पाट आहेत, सांडवा नाही.

पत्राची पोच घ्या, आवक क्रमांकासह. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर जिल्ह्याच्या लोकशाही दिनात जा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. पाणी पुन्हा घरात शिरायला लागलं आणि तातडीने पाइपचं तोंड मोकळं करून घ्यायची वेळ आली, तर प्रांताधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. स्थानिक पुढाऱ्यांना सांगायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर पत्राला आवक क्रमांक पडल्यावर सांगा, आधी नको. आधी सांगितलं की तोंडी मिटवामिटवी होते, आणि तोंडी मिटलेलं पाणी पुढच्या जूनला परत येतं.

आप्पांना वेगळा रस्ता आहे आणि तो तुमच्यापेक्षा जवळचा आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कुणी बेकायदा अडथळा केला आणि त्याने जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. वकील नसला तरी चालतं. मुदत मात्र सहा महिन्यांची, अडथळा निर्माण झाल्यापासून. भराव उन्हाळ्यात पडला असेल तर दिवाळीपर्यंत थांबायला जागा नाही. समोरून "आमच्याकडे परवानगी आहे" असं येईल. तेव्हा परवानगीच्या नकाशात लवण बुजवायची परवानगी कुठे आहे ते दाखवा, असं आप्पांनी विचारायचं. हा कायदा शेतीसाठी आहे, तुमच्या ओट्याला तो लागत नाही. म्हणून आप्पांना पुढे करा, पण त्यांना एकटं पाडू नका. केळीत पाणी साचून राहिलं तर मुळं कुजतात. नुकसानीचा पंचनामा आत्ताच करून घ्या, ऑक्टोबरात करायला गेलात तर काही दिसणार नाही.

"पाणी जिरवा" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामांना आणि लेआउटच्या मोकळ्या जागेला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय नियमावलीत बंधनकारक आहे, आणि ती व्हायलाच हवी. यावल-रावेरकडे विहिरी-बोअर किती खोल गेले ते तुम्ही जाणताच. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पहिले एक-दोन पाऊस पिऊन टाकते, मग फुगून भेगा मिटतात आणि वरचं पाणी खाली जायचं जवळजवळ थांबतं. त्या मातीत चार फुटी खड्डा घेऊन विटांचे तुकडे भरले की ऑगस्टमध्ये त्याचं डबकं होतं. जिरवायचं तर काळीच्या खाली मुरमापर्यंत जायला हवं, किंवा गाळून बोअरमध्ये सोडायला हवं. तिकडे शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून पाणी अडवलं म्हणून राज्यभरातून लोक बघायला येतात, आणि इकडे आपण नाले बुजवून त्यावर ओपन प्लॉटचे फलक लावतो.

मोकळ्या जागेवरून एक भांडण तुमच्याकडे होईल असं दिसतं, म्हणून आधीच लिहितो. मालक १० टक्के मोकळी जागा बहुतेक सगळ्यात खोलगट कोपऱ्यात सोडतो, आणि लोक ओरडतात की आम्हाला डबकं दिलं. माझं मत उलटं आहे. खोलगट कोपरा मोकळा राहिला हे चांगलंच झालं. ती जागा फूट-दीड फूट आणखी खोल ठेवा, मुरूम भरून उंच करू नका, तिथे सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक घालू नका. पावसाचे दोन-तीन तास तिथे पाणी थांबेल आणि मग हळू निघेल. बाकीचे साडेतीनशे दिवस पोरं क्रिकेट खेळतील. एक फूट खोल, अर्ध्या एकराच्या मैदानात सहा लाख लिटर पाणी थांबतं. तुमच्या लेआउटची मोकळी जागा साधारण तेवढीच असणार. स्थळपाहणीला साहेब आले की हे त्यांना जागेवर उभं राहून दाखवा.

थोडं आपल्या बाजूचंही बघा. तुमच्या कॉलनीतल्या गटारी आज उघड्या आहेत का? वीस वर्षांत किती घरांनी गटारीवर ओटा ओढला, चारचाकी चढवायला उतार बांधला, खाली चार इंची पाइप टाकला? पाहणीला येणारा अभियंता ते सगळ्यात आधी बघेल आणि "तुमचीच गटार बंद आहे" म्हणून सुटेल. त्याच्या आधी तुम्हीच ती मोकळी करा. नाराजी होईल, काही ओटे फोडावे लागतील. ते भांडण परवडतं.

राहिले दिरभाऊ. त्यांना लेआउटचा शत्रू करू नका आणि तुम्हीही त्यांच्या शत्रू होऊ नका. प्लॉट घेणाऱ्याला हे पाणी तुमच्याइतकंच महागात पडणार आहे. लवणावरच्या भरावावर बांधलेलं घर खचतं, भिंतींना तडे जातात, आणि तेव्हा प्लॉट विकणारा गावात नसतो. त्यांना एवढंच विचारा: तुमचा प्लॉट लवणाच्या जागेवर येतो का? गावनकाशा आणि मंजूर नकाशा एकमेकांवर ठेवला की पाच मिनिटांत कळेल. महारेराचा नोंदणी क्रमांक मिळाला का? किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम दिली असेल तर नोंदणीकृत करारनामा झालाय का? त्याशिवाय तेवढी रक्कम घेताच येत नाही. अंतिम रेखांकन मंजूर झाल्याची प्रत हातात पडेपर्यंत खरेदीखताला बसू नये. करारनाम्यात पावसाच्या पाण्याच्या गटारीचं तोंड कुठे सुटतं ते लिहून घ्यावं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला किंवा सोयीसुविधांतला दोष दिसला तर तो विकणाऱ्याने दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायदा सांगतो. पण कागदात गटारीचा उल्लेखच नसेल तर दोष कशाचा धरणार?

संयुक्त पाहणीला दिरभाऊंनीही यावं, प्लॉटधारक म्हणून. कॉलनीवाल्यांच्या तक्रारीकडे मालक दुर्लक्ष करील, ज्याचा बयाना त्याच्या खिशात आहे त्याच्याकडे नाही करणार. पैसे परत मागायची वेळ आली तर बयान्याची पावती कोणाच्या नावावर आहे, मूळ मालकाच्या की मधल्या दलालाच्या, तेही आजच बघून ठेवायला सांगा.